असत्य कधी समर्थनीय ठरते काय?

(संस्थेच्या वर्षावासानिमित्त झालेल्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आताच आपण सर्वांनी त्रिसरण-पंचशील ग्रहण केले. त्यातील चौथे शील म्हणजे मुसावादा वेरमणी, खोटे बोलण्यापासून अलिप्त राहण्याचा निश्चय. हे शील आपण विवाहात म्हणतो, नामकरणात म्हणतो, पुण्यानुमोदनाच्या वेळीही म्हणतो. परंतु सभागृहाबाहेर पडल्यावर आपल्यापुढे असे प्रसंग उभे राहतात की, त्या वेळी खरे बोलावे की न बोलावे असा पेच पडतो. शहरात खोली शोधणारा विद्यार्थी आडनाव विचारले की थबकतो. अर्जातील धर्माच्या रकान्यापाशी पेन थांबते. वरिष्ठाने सांगितले म्हणून कारकून चुकीच्या कागदावर सही करतो. या सर्वांना आपण एकाच मापाने मोजायचे काय? हा आजचा विषय आहे, आणि तो मी अस्तित्ववाद या विचारसरणीच्या अंगाने मांडणार आहे.

अस्तित्ववाद म्हटले की काही लोकांना वाटते, मनाला येईल तसे वागण्याचे ते तत्त्वज्ञान आहे. हा गैरसमज आधी दूर केला पाहिजे. फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्र याने १९४५ साली पॅरिसमध्ये दिलेल्या व्याख्यानात याच आक्षेपाला उत्तर दिले होते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. माणूस आधी अस्तित्वात येतो आणि मग आपल्या कृतींतून स्वतःला घडवतो. त्याचा स्वभाव, त्याची लायकी कोणी वरून ठरवून पाठवलेली नसते. म्हणून तो स्वतंत्र आहे, आणि स्वतंत्र आहे म्हणूनच आपल्या प्रत्येक कृतीला पूर्णपणे जबाबदार आहे. देवाने सांगितले, नशिबात होते, परिस्थितीच तशी होती, असे म्हणून त्याला सुटता येत नाही. ज्या समाजाने पूर्वजन्मीच्या कर्माच्या नावाखाली माणसाची जागा जन्मतःच ठरवली आणि ज्यांनी १९५६ साली ती व्यवस्था नाकारली, त्या आपल्यासारख्यांना हा विचार परका वाटण्याचे कारण नाही.

त्याच व्याख्यानात सार्त्रने खोटे बोलण्याचाही उल्लेख केला आहे. सगळेच काही असे वागत नाहीत, असे म्हणून जो माणूस आपले खोटे खपवतो, तो स्वतःशी स्वस्थ नसतो, असे त्याचे मत आहे. कारण मी निवड करतो तेव्हा माणसाने कसे असावे याचे एक चित्र मी सर्वांपुढे ठेवत असतो. तेव्हा अस्तित्ववाद खोटेपणाला मोकळीक देतो ही समजूत चुकीची आहे. तो तर उलट आपली सबब काढून घेतो.

आता सार्त्रने केलेला एक महत्त्वाचा भेद लक्षात घेऊ. १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मुख्य ग्रंथात तो दोन प्रकारचे असत्य सांगतो. एक, दुसऱ्याशी बोललेले खोटे. यात बोलणाऱ्याला सत्य पक्के ठाऊक असते, तो ते लपवतो एवढेच. दुसरे, स्वतःशीच केलेला खोटेपणा. यात फसवणारा आणि फसणारा एकच असतो. त्याला मराठीत आत्मवंचना म्हणता येईल. सार्त्र एका उपाहारगृहातील वेटरचे उदाहरण देतो. हा वेटर इतक्या अचूकपणे वेटरसारखा वागतो की, जणू तो वेटर याखेरीज दुसरा कोणी नाहीच. तो आपली भूमिका म्हणजेच आपण, असे स्वतःला पटवीत असतो. आपल्याकडे 'मी काय करणार, वरून आदेश होता' असे म्हणणारा कर्मचारी हेच करीत असतो. तो जगाला फसवत नसेलही. आपल्याला निवड करता आली असती, हे तो स्वतःपासून लपवतो.

सार्त्रच्या मते आत्मवंचना दोन्ही बाजूंनी होते. माणसाची एक वस्तुस्थिती असते. त्याचा जन्म कोठे झाला, कोणत्या घरात झाला, समाजाने त्याला कसे वागवले, हे त्याला बदलता येत नाही. आणि माणसाला एक स्वातंत्र्य असते, या वस्तुस्थितीचे काय करायचे ते ठरविण्याचे. जो केवळ वस्तुस्थिती मानतो तो म्हणतो, आम्ही असेच, आमच्याने काय होणार. जो वस्तुस्थितीच नाकारतो तो म्हणतो, माझा त्या वस्तीशी कधी संबंधच नव्हता. दोघेही स्वतःशी खोटे बोलतात. शिकून मोठ्या पगारावर गेलेल्या आपल्यातील काही लोकांनी हे दुसरे वाक्य मनातल्या मनात किती वेळा उच्चारले आहे, याचा ज्याने त्याने विचार करावा.

मित्रहो, आता आपण आपल्या इतिहासाकडे येऊ. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लिखाणात आपल्या आयुष्यातील काही प्रसंग नोंदवले आहेत. १९०१ सालची गोष्ट. वय अवघे नऊ-दहा वर्षांचे. साताऱ्याहून घरातल्या मुलांबरोबर ते वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाले होते. मसूर स्टेशनवर स्टेशनमास्तरने, तुम्ही कोण, असे विचारले. लहान भीमराव कसलाही विचार न करता खरे बोलून गेले, आम्ही महार आहोत. ते ऐकताच त्या माणसाचा चेहरा बदलला. मग भाड्याने गाडी मिळेना. अखेर दुप्पट भाडे देऊन, आणि गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर, एक गाडी ठरली. रात्री टोलनाक्यावर पाणी मागायचे होते. तेथे सांगितले की आम्ही मुसलमान आहोत. तरीही पाणी मिळाले नाही.

हा प्रसंग नीट पाहा. एकाच दिवशी त्या मुलाने एकदा खरे सांगितले आणि एकदा खोटे. खरे बोलल्याची शिक्षा झाली, म्हणून खोटे बोलावे लागले. मग या खोट्याला जबाबदार कोण? तहानलेले मूल, की ज्या समाजात पाण्याच्या घोटासाठी जात सांगावी लागते तो समाज? जेथे सत्य सांगण्याची किंमत एकाच माणसाकडून वसूल केली जाते, तेथे सत्याचा उपदेश आधी त्या समाजाला केला पाहिजे.

दुसरा प्रसंग १९१७ सालचा, बडोद्याचा. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या बाबासाहेबांना संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायचे होते, पण राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते गेले. तेथे केवळ पारश्यांनाच जागा होती. रखवालदाराला ते पारशी नाहीत हे समजले होते. तरी वहीत पारशी नाव लिहिण्याच्या अटीवर, रोज दीड रुपया घेऊन, त्याने जागा दिली. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी दारात उभे राहिले. बाबासाहेबांना बडोदे सोडून मुंबईस यावे लागले.

यात असत्य होते काय? होते. वहीतले नाव खोटे होते. पण त्याने कोणाचे काय हिरावले गेले? खोली रिकामी होती, भाडे दिले जात होते, रखवालदाराला वस्तुस्थिती ठाऊक होती. आणि याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ही हकीकत आपल्याला बाबासाहेबांमुळेच ठाऊक आहे. ती त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवली. त्यांनी प्रसंगाला दुसरे नाव धारण केले, पण त्या नावात ते राहिले नाहीत. पुढे १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर ते गेले ते आपली ओळख लपवून नव्हे. हजारो माणसांसह, दिवसाढवळ्या, आपण कोण आहोत हे सांगून पाणी प्यायला गेले. जे असत्य माणसाने नंतर आपल्या नावानिशी सांगितले आणि ज्या व्यवस्थेने ते बोलायला लावले तिच्याविरुद्ध जो उभा राहिला, त्याचे असत्य आणि स्वतःचा फायदा पाहून गप्प बसणाऱ्याचे असत्य एका पंक्तीत बसत नाही.

मराठी साहित्यात या दुःखाला बाबूराव बागूल यांनी वाचा फोडली. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. 'चोरली' हा शब्द त्यांनी विचारपूर्वक योजला असला पाहिजे. स्वतःचीच ओळख स्वतः चोरावी लागते, आणि चोरीचा आळ मात्र ज्याची ओळख गेली त्याच्यावरच येतो. विद्यार्थ्यांनी ही कथा जरूर वाचावी.

आता काही जण म्हणतील, तत्त्व ते तत्त्व, त्याला अपवाद कसा? जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९७ सालच्या एका निबंधात हीच भूमिका घेतली. खुनी माणूस दारात येऊन, तुझा मित्र घरात आहे काय, असे विचारू लागला तरी खोटे बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे त्याने म्हटले. पुढे १९४० नंतर जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये असे खुनी खरोखरच दारोदार फिरू लागले. ल शाम्बों-स्यूर-लिन्यों या डोंगराळ भागातील गावाने आणि आसपासच्या वाड्यांनी ज्यू कुटुंबांना घरांत, शेतांवर, शाळांत लपवले. त्यांच्यासाठी खोटी ओळखपत्रे आणि खोटी रेशनकार्डे तयार झाली. याच परिसरात १९४२ पासून आल्बेर काम्यू क्षयावर उपचारासाठी राहत होता आणि 'प्लेग' ही कादंबरी लिहीत होता. पॅरिसमध्ये अडोल्फो कामिन्स्की नावाचा विशीही न ओलांडलेला तरुण रात्रंदिवस खोटी कागदपत्रे बनवीत होता. २०२३ साली तो वारला. त्याच्या हातच्या खोट्या कागदांनी हजारोंचे प्राण वाचले. या माणसांना आपण अप्रामाणिक म्हणू काय? माझे उत्तर, नाही. खरे उत्तर देऊन त्या कुटुंबांना मृत्यूच्या गाडीत बसवणारा माणूस कांटच्या कसोटीला उतरला असता, पण माणुसकीच्या कसोटीला उतरला नसता.

परंतु येथेही सार्त्र आपल्याला सावध करतो. त्याची 'भिंत' नावाची एक कथा आहे. स्पेनच्या यादवी युद्धात पकडलेल्या एका कैद्याला त्याच्या साथीदाराचा ठावठिकाणा विचारला जातो. साथीदार दुसरीकडे आहे असे त्याला वाटत असते. शत्रूची फजिती करावी म्हणून तो थट्टेने सांगतो, स्मशानात लपला आहे. आणि योगायोगाने साथीदार खरोखरच तेथे जाऊन लपलेला असतो व मारला जातो. असत्य तोंडातून सुटले की त्याचा शेवट आपल्या हातात राहत नाही, आणि तरीही त्याची जबाबदारी टळत नाही. म्हणून चांगल्या हेतूने बोललेले असत्यही जपून वापरण्याची वस्तू आहे.

आता धम्माकडे वळू. मज्झिम निकायात राहुलाला केलेला उपदेश आहे. तथागतांनी पाय धुतल्यावर भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवले आणि विचारले, राहुल, हे थोडेसे पाणी दिसते ना? जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रमणत्व एवढेच असते. मग ते पाणी फेकले, भांडे उलटे केले. थट्टेतही खोटे बोलू नये, असे त्यांनी सांगितले. सम्राट अशोकाने राजस्थानातील बैराट येथील शिलालेखात भिक्षूंनी व उपासकांनी वारंवार ऐकावे अशा ज्या उपदेशांची नावे कोरली, त्यांत असत्यासंबंधीचा हा राहुलोपदेश आहे. यावरून त्याचे महत्त्व ध्यानात येईल.

या सुत्ताचा दुसरा भाग आपण अधिक लक्षपूर्वक वाचला पाहिजे. आरसा कशासाठी असतो, असे तथागत विचारतात. पाहण्यासाठी, असे राहुल म्हणतो. तसेच काया, वाचा आणि मन यांची प्रत्येक कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर पाहावी. ती मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही पीडा देणारी आहे काय? आणि कृती चुकीची झाली असे नंतर दिसले, तर ती गुरूपुढे किंवा जाणत्या सहकाऱ्यांपुढे उघड करावी व पुढे संयम ठेवावा.

मी येथे आपणास खोटी सूट देणार नाही. पाली सुत्तांत असत्याला मोकळा परवाना कोठे दिलेला नाही. मात्र पुढे महायान परंपरेच्या सद्धर्मपुंडरीक सूत्रात जळत्या घराची कथा आली. आत खेळणाऱ्या मुलांना बाहेर काढण्यासाठी बाप त्यांना खेळण्याच्या गाड्यांचे आमिष दाखवतो. यात बापाने असत्याचा दोष केला काय, या प्रश्नाला सारिपुत्त नाही असे उत्तर देतो. म्हणजे हा प्रश्न आपल्या परंपरेनेही टाळलेला नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून मला असे वाटते की, काही असत्ये क्षम्य असतात, काही तर कर्तव्यही ठरतात. पण असत्य म्हणजे सत्य असे कधी होत नाही. जीव वाचवण्यासाठी बोललेले खोटे हेही खोटेच असते. ते बोलणाऱ्याने आरशात पाहणे सोडायचे नसते.

आता आपल्या सर्वांच्या घरातला प्रश्न. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म पाळणारी व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जात नव्हती. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंनी धम्मदीक्षा घेतली. १९५१ च्या जनगणनेत देशात दोन लाखांच्याही आत असलेले बौद्ध १९६१ साली ३२ लाखांवर गेले. परंतु केंद्राच्या सवलती मात्र गेल्या. महाराष्ट्र राज्याने आपल्या अखत्यारीतील सवलती दिल्या, पण केंद्रातील हक्कासाठी १९९० च्या कायदेदुरुस्तीपर्यंत वाट पाहावी लागली. या ३४ वर्षांत कित्येक आईबापांनी मुलांच्या दाखल्यावर 'हिंदू' असे लिहिले. घरात बुद्धमूर्ती, कागदावर हिंदू.

त्यांना आपण काय म्हणावे? सार्त्रने आपल्या व्याख्यानात एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली आहे. त्याला एकट्या पडलेल्या आईजवळ राहायचे होते आणि देश मुक्त करण्यासाठी सैन्यातही जायचे होते. कोणताही ग्रंथ त्याला उत्तर देऊ शकत नव्हता. तू स्वतंत्र आहेस, निवड कर, एवढेच सार्त्र त्याला सांगू शकला. आपल्या आईबापांपुढे असाच पेच होता. एकीकडे धम्माची जाहीर ओळख, दुसरीकडे लेकराचे शिक्षण. ज्यांनी 'बौद्ध' लिहून नुकसान सोसले त्यांना वंदन. ज्यांनी 'हिंदू' लिहिले त्यांनाही दगड मारण्याचा अधिकार आपल्यातील कोणाला नाही. कारण धर्म बदलला तरी अस्पृश्यतेचे चटके थांबले नव्हते आणि हक्क मात्र थांबवले गेले होते. मात्र त्यांच्यातही फरक होता. एका बापाने मुलाला जवळ बसवून सांगितले की, कागदावर हे लिहावे लागले, पण आपण बौद्ध आहोत, आणि हा कायदा बदलण्यासाठी तो मोर्चातही गेला. दुसऱ्याने पाहुणे आले की बुद्धमूर्ती आत ठेवली आणि हळूहळू त्यालाच खरे काय ते आठवेनासे झाले. पहिल्याने सरकारशी खोटे बोलले, दुसऱ्याने स्वतःशी. पहिले असत्य १९९० साली संपले. दुसरे कोणत्याही दुरुस्तीने संपत नाही.

म्हणून आज ती सबब राहिलेली नाही. धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि जातीच्या रकान्यात आपली अनुसूचित जात, असे लिहिता येते. तरीही जनगणनेच्या वेळी भीतीने किंवा सवयीने हिंदू लिहिणारी घरे आहेत. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध नोंदले गेले, त्यांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात. पुढील जनगणनेत प्रत्येकाने खरे ते लिहावे. कोणी विचारेल, जात सोडली मग जातीचा रकाना भरणे खोटेपणा नव्हे काय? नव्हे. धर्माचा रकाना आपण काय निवडले ते सांगतो. जातीचा रकाना समाजाने आपल्याशी काय केले त्याची नोंद करतो. दोन्ही खरे आहे.

शेवटी, वर सांगितलेल्या गोष्टींचा आधार घेऊन कोणी आपली चोरी झाकू नये. बनावट जातप्रमाणपत्र काढून जागा मिळवणारा माणूसही म्हणतो, मुलांसाठी केले. त्याला आरसा दाखवा. त्याच्या असत्याची किंमत कोणी मोजली? ज्याची जागा गेली त्या खऱ्या हक्कदाराने. हा प्रकार रोखण्यासाठी महाराष्ट्राने २००० सालचा पडताळणी कायदा केला, आणि असा लाभ टिकवता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केले. परीक्षेत कॉपी करणारा विद्यार्थी म्हणतो, सगळेच करतात. पण ज्या पदवीसाठी बाबासाहेबांनी लंडनच्या ग्रंथालयात पोटाला चिमटा घेतला, ती पदवी चोरून आणणारा आपल्याच भावंडांच्या गुणवत्तेवर संशय ओढवून घेतो. वर्गणीचा हिशेब न दाखवणारा कार्यकर्ता म्हणतो, समाजासाठीच खर्च केला. मग वही उघडायला हरकत काय?

सिमोन द बोव्हुआर या विदुषीने १९४७ साली अस्तित्ववादी नीतीवर ग्रंथ लिहिला. माझे स्वातंत्र्य दुसऱ्यांच्या स्वातंत्र्याखेरीज पुरे होत नाही, हा त्याचा गाभा आहे. तो घेऊन, आणि राहुलाचा आरसा घेऊन, विद्यार्थ्यांनी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. या असत्याची किंमत कोण मोजणार आहे, मी की माझ्याहून दुबळा कोणी? धोका टळल्यावर ही गोष्ट मी माझ्या नावाने चारचौघांत सांगू शकेन काय? आणि ज्या अन्यायाने मला खोटे बोलायला लावले, तो दूर व्हावा म्हणून मी काही करणार आहे, की त्याच्याशी जुळवून घेणार आहे? खोलीसाठी आडनाव लपवणाऱ्या विद्यार्थ्याला मी दोष देणार नाही. पण त्याने तिसऱ्या प्रश्नापाशी थांबू नये. त्या खोलीत बसून त्याने अभ्यास करावा, पायावर उभे राहावे आणि एक दिवस असा आणावा की, त्याच्या पाठीमागून येणाऱ्या मुलाला दारात उभे राहून आपले खरे नाव सांगता यावे. आपल्या संस्थेने वसतिगृहाचा जो विचार चालवला आहे तो याच कारणासाठी लवकर तडीस न्यावा, अशी मी पदाधिकाऱ्यांना विनंती करतो.



नमो बुद्धाय! जयभीम!